पोटाला पडलेली खिडकी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या पोटात दुर्बीण घातली गेली. तसं काही गंभीर नव्हतं. तीन-चार महिने जेवणानंतर छातीखाली जळजळायचं, रात्री दोन-अडीचला जाग यायची. घरात ओवा, सुंठ, मोरावळा, थंड दूध असे सगळे प्रयोग झाले आणि अखेर मुलीनं हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. टेबलावर आडवं व्हायच्या आधी एका नर्सनं माझ्यासमोर छापील कागद धरला आणि फुली केलेल्या जागी सही करायला सांगितलं. मी केली. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या, काउंटरपलीकडच्या माणसाला आधी वाचा मग सही करा असं आयुष्यभर बजावत आलेल्या माणसानं एक ओळही न वाचता सही ठोकली. मग घशात बधिर करणारा फवारा मारला, नळी आत सरकली आणि बाजूच्या पडद्यावर मला माझं स्वतःचं जठर दिसलं. ओलसर, गुलाबी, चुण्या पडलेलं, मधूनच हलणारं. साठ-पासष्ट वर्षं ज्याला मी रोज दोन वेळा भरत आलो, त्याची ही पहिली भेट.

निवृत्त माणसाला वेळ भरपूर आणि कादंबरीकाराला चौकस बुद्धी नको तितकी. घरी आल्यावर मनात आलं, हे असं जिवंत जठर पहिल्यांदा नीट पाहिलं कोणी? क्ष-किरण नव्हते, दुर्बिणी नव्हत्या, तेव्हा अन्नाचं पोटात काय होतं हे माणसाला कळलं कसं? शोध घेत गेलो तेव्हा विल्यम बोमाँट या अमेरिकन लष्करी डॉक्टरपाशी येऊन थांबलो. शरीरशास्त्राच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे. टेक्सासमधल्या एल पासोचं लष्करी रुग्णालयसुद्धा त्याच्या नावानं आहे. पण त्याचं चरित्र वाचायला घेतलं की पानापानावर दुसराच एक माणूस डोकावायला लागतो. त्या दुसऱ्या माणसाचं पोट नसतं तर पहिल्याचं नाव आज कुणाला ठाऊक असतं, याची मला शंका आहे.

बोमाँट कनेटिकटमधल्या लेबनन गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. जन्म २१ नोव्हेंबर १७८५ चा. वडिलांची शेती करायची नाही एवढं त्यानं ठरवलं होतं आणि विशीत असताना ऐन हिवाळ्यात तो घराबाहेर पडला. सोबत एक घोडा, बर्फावरची घसरगाडी, सफरचंदाच्या मद्याचं एक पिंप आणि शंभर डॉलर, असं सांगतात. उत्तरेला शँप्लेन गावात त्यानं शाळामास्तरकी केली, उधारीवर पुस्तकं आणून वाचली आणि मग व्हरमाँटमधल्या एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी पत्करली. वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी तो चढला नाही. त्या काळी तिकडे डॉक्टर व्हायचा रस्ता आपल्याकडच्या सोनाराच्या किंवा सुताराच्या उमेदवारीसारखाच होता. गुरूच्या घरी राहायचं, काढे घोटायचे, जखमा बांधायच्या, पाहून पाहून शिकायचं. १८१२ साली त्याला परवाना मिळाला आणि त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं. बोमाँट लष्करात शिरला. पुढच्या दोन वर्षांत त्यानं इतके हातपाय कापले, इतक्या गोळ्या बाहेर काढल्या, की दहा वर्षांच्या शहरी प्रॅक्टिसमध्ये जे शिकायला मिळालं नसतं ते तो तंबूत शिकला. युद्धानंतर काही वर्षं खासगी दवाखाना चालवून पाहिला, मग पुन्हा लष्करात आला. १८२० पासून त्याची नेमणूक होती मॅकिनॅक बेटावर.

हे बेट ह्यूरन आणि मिशिगन या दोन सरोवरांच्या सांध्यावर आहे. टेकडीवर किल्ला, खाली वस्ती आणि वस्तीत अमेरिकन फर कंपनीचं दुकान. हिवाळाभर रानावनात फिरून बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी गोळा करणारे लोक उन्हाळा लागला की होड्या भरून तिथं यायचे. कातडी विकायची, पैसे घ्यायचे, निम्मे तिथंच दारूत घालवायचे. होड्या वल्हवणारे बहुतेक फ्रेंच बोलणारे कॅनेडियन. त्यांतलाच एक अलेक्सिस सेंट मार्टिन. वय अठरा-वीस, अंगानं काटक, लिहिता-वाचता येत नसलेला.

६ जून १८२२ रोजी कंपनीच्या दुकानात गर्दी असताना कुणाच्या तरी हातातली छऱ्यांची बंदूक चुकून उडाली. अलेक्सिस तिच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर उभा होता. बदकं मारायचे छर्रे आणि बंदुकीतली दारू डाव्या कुशीत घुसली आणि सदऱ्यानं पेट घेतला. बोमाँट धावत आला तेव्हा बरगड्यांखाली तळहाताएवढी जखम होती. भाजलेल्या फुप्फुसाचा अंड्याएवढा तुकडा बाहेर आला होता, त्याच्याखाली फाटलेलं जठर होतं आणि त्यातून सकाळची न्याहारी सांडत होती. तुटक्या बरगडीचं टोक आड येत होतं ते बोमाँटनं खिशातल्या चाकूनं कापलं, फुप्फुस आत ढकललं आणि जखम बांधली. हा पोरगा दीड दिवससुद्धा काढणार नाही असं त्याचं मत होतं.

पोरगा जगला. पहिले सतरा दिवस जे जे तोंडानं आत जाई ते कुशीतून बाहेर येई, म्हणून डॉक्टर त्याला गुदद्वारावाटे पोषक द्रव देत राहिला. मग पट्ट्या घट्ट बांधल्यावर अन्न पोटात ठरू लागलं. महिनोन्‌महिने बोमाँट त्याच्या जखमेतून हाडांचे तुकडे आणि छर्रे काढत होता. अलेक्सिस गरीब आणि परका. दहा महिन्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याचा खर्च थांबवला आणि त्याला होडीत घालून कॅनडाला रवाना करायचं ठरवलं. त्या अवस्थेत तो प्रवास म्हणजे मरणच. बोमाँटनं त्याला स्वतःच्या घरी आणून ठेवलं. डॉक्टरचा पगार तुटपुंजा, लग्न नुकतंच झालेलं. तरी त्यानं हे केलं, आणि तेव्हा पुढं काय घडणार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. या माणसाबद्दल पुढं मला जे म्हणायचं आहे त्याच्या आधी हे नोंदवून ठेवणं न्यायाचं होईल. आमच्या बँकेच्या भाषेत, जमेची बाजू आधी.

जखम भरली, पण पूर्ण मिटली नाही. जठराची कड बरगड्यांच्या आतल्या बाजूला चिकटली आणि तिथं बोट सहज जाईल एवढं भोक कायमचं राहिलं. निसर्गानं त्यावर एक सोयही करून दिली. जठराच्या अस्तराची एक घडी आतून झडपेसारखी त्या भोकावर येऊन बसली. त्यामुळे जेवण बाहेर सांडेना. पण बोटानं ती झडप आत ढकलली की आतलं सगळं दिसे. कुशीला पडलेली खिडकीच ती. भोक शिवून टाकावं असं आपण सुचवलं होतं आणि अलेक्सिस दुखण्याच्या भीतीनं तयार झाला नाही, असं बोमाँटनं लिहून ठेवलंय. त्यावर पुढं पुष्कळांनी शंका घेतली. अलेक्सिसची बाजू त्याच्या हातची कुठंच लिहिलेली नाही, कारण त्याला लिहिता येत नव्हतं.

आता तेव्हाची विद्या कुठवर आली होती ते पाहू. अन्नाचं पोटात काय होतं यावर युरोपातले पंडित शतकानुशतकं भांडत होते. कुणी म्हणे जठर जात्यासारखं दळतं. कुणी म्हणे तिथं अन्न चुलीवर शिजावं तसं शिजतं. काही म्हणत ते आंबतं, काही म्हणत कुजतं. आपण तर जठराग्नी म्हणून केव्हाच मोकळे झालो होतो. फ्रान्समध्ये रेओम्यूर यानं १७५२ मध्ये पाळलेल्या घारीला मांस भरलेल्या धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. घारीला न पचणारं ओकून टाकायची सवय असतेच. परत आलेल्या नळ्यांतलं मांस विरघळलं होतं आणि नळ्यांवर दळल्याची खूण नव्हती. इटलीत स्पालान्झानी यानं तर कापडी पिशव्यांत अन्न शिवून त्या स्वतःच गिळल्या. लंडनच्या विल्यम प्राउटनं जठरातलं आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं १८२४ साली प्रसिद्ध केलं. आपण मोरी साफ करायला आणतो त्याच जातीचं हे आम्ल. पण ही सगळी किल्लीच्या भोकातून केलेली टेहळणी. आणि इकडे जंगलातल्या एका अर्धशिक्षित लष्करी डॉक्टरच्या घरी सरपण फोडणाऱ्या गड्याच्या कुशीला खिडकीच होती.

अलेक्सिसची हकिगत बोमाँटनं लिहून सर्जन-जनरल जोसेफ लव्हेल यांच्याकडे पाठवली. ती १८२५ च्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, पण चुकून लव्हेलच्याच नावावर. चूक पुढं सुधारली गेली. तरी पहिल्याच लेखाला वरिष्ठांचं नाव लागलेलं पाहून त्या लेखकाला काय वाटलं असेल, ते ज्यानं ऑफिसात नोटिंग लिहून वर पाठवलं आहे त्याला कळेल. लव्हेल मात्र भला माणूस. त्यानंच बोमाँटला प्रयोग करायला उत्तेजन दिलं आणि पुढंही सांभाळून घेतलं.

प्रयोगांना सुरुवात झाली १८२५ मध्ये. १ ऑगस्टला, नायगाराच्या किल्ल्यावर, दुपारी बारा वाजता बोमाँटनं एका रेशमी दोऱ्याला ठराविक अंतरावर खाण्याचे तुकडे बांधले. मसालेदार शिजवलेलं गोमांस, कच्ची खारवलेली डुकराची चरबी, कच्चं खारवलेलं गोमांस, उकडलेलं गोमांस, शिळा पाव आणि कच्ची चिरलेली कोबी. दोरा कुशीतून आत सोडला आणि अलेक्सिसला घरकामाला पाठवलं. एक वाजता दोरा ओढून पाहिला. पाव आणि कोबी अर्धी विरली होती, मांस जसंच्या तसं. दोरा पुन्हा आत. दोन वाजता पाव, कोबी, चरबी आणि उकडलेलं मांस साफ नाहीसं, उरलेले दोन तुकडे जवळजवळ तसेच. तीन वाजेपर्यंत अलेक्सिसच्या पोटात दुखायला लागलं, अंगातलं त्राण गेलं. डॉक्टरनं तेही लिहून ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात त्याहून महत्त्वाचा प्रयोग झाला. अलेक्सिसला सतरा तास उपाशी ठेवून आत थर्मामीटर घातला. पारा शंभर अंश फॅरनहाइटवर थांबला. मग नळीनं त्याच्या जठरातला रस काढून बाटलीत घेतला, त्यात उकडलेल्या मांसाचा तुकडा टाकला आणि बाटली तेवढ्याच ऊन पाण्यात ठेवली. तसाच एक तुकडा दोऱ्याला बांधून पोटात सोडला. पोटातला तुकडा दोनेक तासांत संपला. बाटलीतला हळूहळू, पण दहा तासांत तोही विरघळला. जातं नाही, चूल नाही, कुजणं नाही. शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत, नुसत्या रसानं अन्न पचलं. पचन ही रासायनिक क्रिया आहे, ह्याबद्दल यापुढं वाद घालणं अवघड झालं.

आणखीही बरंच दिसलं. रिकाम्या पोटात हा रस साठून राहत नाही. अन्नाचा किंवा बोटाचा स्पर्श झाला की फिकट गुलाबी, मखमली अस्तरावर घामासारखे बारीक थेंब डवरतात. बोमाँट नुसतं पाहून थांबला नाही. त्यानं त्या भोकातून जठराच्या अस्तराला जीभ लावून चव घेतली. उपाशी पोटी आंबटपणा लागेना, रस सुटल्यावर लागला. वाचताना अंगावर काटा येतो, पण हा माणूस मला इथंच आवडायला लागतो. जे पाहिलं तेवढंच लिहायचं आणि खात्री करायला स्वतःची जीभ पुढं करायची.

अलेक्सिसला मात्र हे आवडत नव्हतं, आणि का आवडावं? तासन्‌तास उताणं नाही तर कुशीवर पडून राहायचं, कुणी पोटातून दोरे ओढायचे, नळ्या घालायच्या, आणि मग उठून त्याच माणसाच्या घरची लाकडं फोडायची. १८२५ च्या शरद ऋतूत, बोमाँट रजेवर त्याला घेऊन सीमेजवळ गेला असताना तो न सांगता कॅनडात निघून गेला. तिथं त्यानं मारी नावाच्या मुलीशी लग्न केलं, हडसन बे कंपनीच्या होड्या वल्हवल्या. पोटाला भोक असलेला माणूस होडी वल्हवत होता, हेही नवलच. बोमाँटनं फर कंपनीच्या माणसांकरवी त्याचा माग काढला आणि १८२९ मध्ये बायको-मुलांसकट त्याला मिसिसिपीकाठच्या क्रॉफर्ड किल्ल्यावर आणवलं. खर्च सगळा डॉक्टरचा. दीडेक वर्ष पुन्हा प्रयोग चालले. १८३१ मध्ये मारीच्या मनानं घरची ओढ घेतली आणि सगळं कुटुंब उघड्या होडीतून नद्या, सरोवरं ओलांडत मॉन्ट्रियलकडे परत गेलं.

बोमाँटनं आता कायद्याचा आधार घेतला. १८३२ साली दोघांत रीतसर करारनामा झाला. त्याचा तपशील वाचताना माझ्यातला निवृत्त ऑफिसर खडबडून जागा झाला. अलेक्सिसनं एक वर्ष बोमाँटचा बांधील नोकर म्हणून राहायचं, तो जगात कुठंही नेईल तिथं जायचं, त्याच्या आज्ञेत राहायचं आणि विज्ञानासाठी डॉक्टर सांगेल ते प्रयोग आपल्या पोटावर करू द्यायचे. बदल्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि वर्षाचे दीडशे डॉलर. खाली बोमाँटची सही, आणि शेजारी अलेक्सिसची फुली.

ती फुली पाहून मला सत्तरच्या दशकातली माझी खेड्यातली शाखा आठवली. पीककर्जाच्या कागदांवर आम्ही अंगठे घ्यायचो आणि बाजूला शिक्का मारायचो की मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, मान्य असल्याने अंगठा केला. दिवसाला तीस-चाळीस प्रकरणं. वाचून दाखवायला वेळ कुणाला होता? एकदा एका म्हाताऱ्यानं शाईचा अंगठा हवेत तसाच धरून विचारलं होतं की साहेब, यात माझ्या जमिनीचं काय लिहिलंय. मी काहीतरी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्याचा हात कागदाकडे वळवला. मी खोटं बोललो नव्हतो. पण सगळं सांगितलंही नव्हतं. त्याची जमीन गेली नाही, कर्ज फिटलं, म्हणून मी हे इथं लिहू शकतो.

बोमाँटच्या बाजूनंही बोलायला पाहिजे. प्रयोगासाठी माणसाची संमती घ्यायची, तिचे पैसे ठरवायचे आणि ते कागदावर आणायचे, हे त्या काळी कुणी करत नव्हतं. ज्या देशात अजून माणसं विकली जात होती त्या देशात हा करार झाला आहे. दीडशे डॉलर अगदीच मातीमोल नव्हते. शिवाय वॉशिंग्टनमधल्या मुक्कामात लव्हेलच्या मदतीनं अलेक्सिसला लष्करात नावापुरता सार्जंट करून घेतलं गेलं आणि महिना १२ डॉलर सरकारी पगार सुरू झाला. एखाद्या जठराला सरकारी नोकरी लागल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या वर्षी प्रयोगांचा धडाकाच लागला. रसाचे नमुने व्हर्जिनियातल्या प्रा. डंग्लिसन यांच्याकडे आणि येलच्या प्रा. सिलिमन यांच्याकडे गेले. आम्ल प्राउटनं सांगितलं तेच निघालं. एक बाटली समुद्रापार स्वीडनच्या बर्झेलियसकडेही रवाना झाली, पण ती पोचेपर्यंत महिने लोटले आणि त्यातून काही निष्पन्न झालं नाही. १८३३ मध्ये प्लॅट्सबर्गच्या छापखान्यातून बोमाँटचं पुस्तक बाहेर पडलं. २८० पानं, हजार प्रती, पदरमोड करून छापलेल्या. जठररस आणि पचनक्रिया यांवरचे प्रयोग आणि निरीक्षणं असं साधं, रुक्ष नाव. आत सुमारे २४० प्रयोग आणि शेवटी ५१ निष्कर्ष. वर्षभरात ते जर्मनीत भाषांतरित झालं, पुढं एडिंबरोतही निघालं.

त्यातला एक तक्ता घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला. कुठला पदार्थ जठरात किती वेळानं विरतो याची ती यादी आहे. उकडलेला तांदूळ एक तास. साबुदाणा पावणेदोन तास. तापवलेलं दूध दोन तास, कच्चं दूध सव्वादोन. कडक उकडलेलं अंडं साडेतीन तास. भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. तांदळाचा नंबर ऐकून सौभाग्यवतींनी आजारी माणसाला मऊ भातच का द्यायचा हे त्यांच्या आईला विनाप्रयोग ठाऊक होतं असं सुनावलं. साबुदाण्याबद्दल मी सांभाळून बोललो. बोमाँटचा साबुदाणा पाण्यात उकडलेला होता, आपल्या खिचडीसारखा तुपात आणि दाण्याच्या कुटात लोळवलेला नव्हता. आणि तेलकट पदार्थ जठराला जड जातात हाही त्याच पुस्तकातला निष्कर्ष आहे.

मनाचा पोटाशी असलेला संबंधही त्याला दिसला. अलेक्सिस संतापला की जठरात पिवळं कडू पित्त येई, पचन रखडे. चार दिवस दारू पिऊन आला की अस्तरावर लाल चट्टे उठत. गंमत अशी, की त्याला स्वतःला काहीच होत नसे. दुखणं नाही म्हणजे बिघाड नाही असं नव्हे, हे डॉक्टरला खिडकीतून दिसत होतं. अलेक्सिसचा राग असा त्या पुस्तकात आला आहे, पण जठरावरचा परिणाम म्हणून. पुन्हा पुन्हा वाचताना मला वाटत राहिलं, की तो राग कशाचा होता याचा अंदाज खोलीतल्या दोघांनाही असला पाहिजे.

खिडकी जठराला होती, त्यामुळे बोमाँटचं जगही जठरापुरतं राहिलं. लाळ अन्न ओलं करण्यापलीकडे काही करत नाही असं तो मानत असे. प्रत्यक्षात भाकरीचा घास चावत राहिला की गोड लागायला लागतो, तो लाळेनं पिष्टाची साखर करायला घेतल्यामुळेच. आम्लाखेरीज जठररसात आणखी काहीतरी आहे असा संशय मात्र त्यानं बरोबर घेतला होता. १८३६ मध्ये जर्मनीच्या श्वाननं ते शोधून त्याला पेप्सिन नाव दिलं. पेप्सिन प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडतं आणि आम्लातच ते नीट काम करतं. पण जठर हा पचनाचा अर्धाच मुक्काम. तिथं घुसळून पातळ झालेलं अन्न खालच्या दारातून थोडं थोडं लहान आतड्यात सोडलं जातं. तिथं यकृताकडून आलेलं पित्त स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिनं, चरबी तिन्ही फोडतो आणि काही मीटर लांबीच्या त्या नळीच्या मखमली अस्तरातून सगळं रक्तात उतरतं. स्वादुपिंडाची कामगिरी पॅरिसच्या क्लोद बर्नारनं उलगडली. पुढं रशियात पावलॉवनं कुत्र्यांच्या पोटाला मुद्दाम तशा खिडक्या करून प्रयोग केले आणि १९०४ चं नोबेल मिळवलं. माझ्या जळजळीचं कारण तर बोमाँटच्या स्वप्नातही नव्हतं. जठराच्या आम्लात सुखानं राहणारा एक जंतू निघाला. वॉरन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी तो १९८२ मध्ये ओळखून वाढवला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि मला दोन आठवड्यांच्या गोळ्यांत बरं वाटलं.

पुस्तक निघालं आणि १८३४ मध्ये अलेक्सिस घरी जाऊन येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. बोमाँट पुढं सेंट लुईसला गेला, लष्कर सोडलं, मोठी प्रॅक्टिस केली, पैसा केला. झालेला खर्च भरून मिळावा म्हणून केलेला अर्ज काँग्रेसनं फेटाळला. १८४० मध्ये एका मारामारीत डोकं फुटलेल्या वृत्तपत्रमालकाची कवटी त्यानं उपचारासाठी छेदली. रोगी दगावला. तेव्हा आरोपीच्या वकिलांनी कोर्टात बचाव केला, की या डॉक्टरला माणसांच्या शरीरात भोकं पाडून आत डोकवायची हौसच आहे. पोट पाहून झालं, आता मेंदू पाहायचा होता. शहरभर चर्चा झाली असणार.

आणि जवळजवळ वीस वर्षं तो कॅनडाला पत्रं लिहीत राहिला. कधी चुचकारून, कधी रागावून, दरवेळी जास्त पैसे देऊ करून. अलेक्सिसची उत्तरं यायची, दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेली. तब्येत बरी नाही, बायको सोडत नाही, मुलांचं कसं होईल, थोडे आगाऊ पैसे पाठवावेत. तो गरीब होता, पीतही होता. सौदा आपल्या हातात आहे हे त्याला कळलं होतं. ज्या पोटासाठी पूर्वी त्याला एक फुली करावी लागली, त्याचा भाव आता तो ठरवत होता आणि माल मात्र देत नव्हता. मला ही पत्रं वाचताना हसू आवरत नाही, आणि तरी बोमाँटची कीवही येते. त्याला अजून पुष्कळ पाहायचं होतं. १८५३ च्या मार्चमध्ये एका रोग्याकडून निघताना तो बर्फाळ पायऱ्यांवरून घसरला, डोक्याला लागलं, त्यात मानेला काळपुळी झाली आणि २५ एप्रिलला तो गेला. वय सदुसष्ट.

अलेक्सिस त्याच्यामागं सत्तावीस वर्षं जगला. १८५६ मध्ये कुणी एक डॉक्टर म्हणवणारा त्याला गावोगाव दाखवत फिरला, तेवढंच. बाकी शेतमजुरी, सरपण तोडणं, मुलंबाळं. अपघातानंतर तब्बल अठ्ठावन्न वर्षं, पोटाला भोक घेऊन. २४ जून १८८० ला क्यूबेकमधल्या सेंट टॉमस गावी तो वारला. तेव्हा मॉन्ट्रियलला असलेल्या विल्यम ऑस्लर या पुढं फार मोठ्या झालेल्या डॉक्टरनं ते जठर शवविच्छेदनानंतर वॉशिंग्टनच्या लष्करी संग्रहालयात ठेवायला मिळावं म्हणून खटपट केली होती. गावाकडून तार आली, की विच्छेदनाला येऊ नका, आलात तर जीव जाईल.

त्याच्या घरच्यांनी प्रेत ऐन उन्हाळ्यात नेहमीपेक्षा जास्त दिवस घरातच ठेवलं, कुठल्याही डॉक्टरला त्याचा उपयोग होऊ नये म्हणून. दुर्गंधी इतकी सुटली की प्रार्थनेच्या वेळी शवपेटी चर्चबाहेर ठेवावी लागली. मग त्याला पुरलं. खड्डा आठ फूट खोल खणला होता.